घरी सांगून झाले, पुढे?

पाथर्डी तालुक्यातील एका तरुण साथीने मध्यंतरी एक प्रश्न विचारला आणि तो ऐकून आमच्यातील दोघा-तिघांनी मान खाली घातली. हा मुलगा शिबिरांना येतो, पत्रके वाटतो, सभा संपल्यावर सतरंज्या गोळा करतो. आपण समलिंगी आहोत हे त्याने गेल्या दिवाळीत प्रथम थोरल्या बहिणीला व नंतर आईला सांगितले. आकाश कोसळले नाही. आई दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिने भाकरी वाढली आणि एवढेच म्हणाली, "धाकटीचं लगीन होईस्तोवर गावात बोलू नको." त्याचा आम्हांला प्रश्न असा की, जोडीदाराच्या शोधात आपण आता कोणाला भेटावे की अजून थांबावे, आणि थांबायचे तर कोठवर? चळवळीत हयात घालवलेल्या माणसांपाशी उत्तर नव्हते. एकजण म्हणाले, हा तुझा खाजगी प्रश्न आहे.

हे उत्तर सोयीचे आहे, परंतु आपल्या परंपरेला शोभणारे नाही. विधवेचा पुनर्विवाह, हुंडा, संततिनियमन हे सारे प्रश्न एके काळी खाजगीच म्हटले जात. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या शंकांना उत्तरे दिली, त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्या शंकाही होत्या. त्यावरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेबांनी तो प्रश्न खाजगी म्हणून झटकला नाही, ही गोष्ट नव्वद वर्षांनंतर आपण विसरावी काय?

कायद्याची बाजू थोडक्यात सांगण्याजोगी आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन सज्ञान व्यक्तींच्या संमतीचे संबंध कलम ३७७ च्या कक्षेबाहेर काढले; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम उरलेलेच नाही. मात्र समलिंगी विवाहास मान्यता देण्यास त्याच न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. म्हणजे तुरुंगाची भीती गेली, छप्पर मात्र मिळाले नाही.

आणि खरा प्रश्न छपराचाच आहे. या मुलाचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. तोडीच्या हिशेबात माणूस एकटा मोजलाच जात नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल जोडप्याला मिळते. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि त्याची उचलही त्या मानाने. आपल्या पूर्व भागात हंगामापूर्वी घाईघाईने लग्ने का उरकली जातात, याचे उत्तर रूढीइतकेच या हिशेबातही आहे. आमचा हा साथी सध्या नगरला औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर आहे आणि एका खोलीत पाच जणांबरोबर राहतो. काम सुटले तर त्याला गावी परतावे लागेल, आणि गावी परतला की घरचे त्याचा कोयता पुरा करायला निघतील. शहरातील सुस्थित तरुणाला 'मन तयार झाले की भेट' असे सांगता येते. याच्या बाबतीत मनाआधी मजुरी आडवी येते. शिवाय त्या लग्नात जी मुलगी येईल, तिने कोणता अपराध केला? लोकांची तोंडे बंद करण्यासाठी लावलेले लग्न दोघांचे आयुष्य नासवते.

आपल्याच जिल्ह्यातील खर्शिंदे गावात चित्रित झालेला रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. २०२५ च्या सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथाचित्र विभागाचे ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळाले. वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांसाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि लग्न टाळीत राहिलेला शेतकरी बाळ्या यांची ती कथा. नातेवाईक सुतकातही लग्नाचा विषय काढतात. ज्या दिवसांत घरात कोणतेही नवे काम आरंभू नये असे मानतात, नेमक्या त्याच दिवसांत ही दोन माणसे जवळ येतात. त्यांना कोणी मुहूर्त काढून दिला नव्हता. तथापि आनंदला मुंबईत घर आहे आणि आईला सारे ठाऊक आहे, हा फरक आमच्या साथीने स्वतःच माझ्या लक्षात आणून दिला.

तेव्हा माझे मत असे. आईने गावात बोलू नको म्हटले आहे, कोणाला भेटू नको असे म्हटलेले नाही. पहिली अट त्याने जरूर पाळावी. तिच्या धाकट्या मुलीला त्याच गावात दिवस काढायचे आहेत. परंतु धाकटी अकरावीत शिकते. तिच्या लग्नानंतर चुलतभावाचे लग्न निघेल, मग कोणाचे तरी आजारपण. सर्वांची संमती जमेपर्यंत थांबणारा माणूस पन्नाशीला पोहोचतो. उलट, आता सांगून टाकलेच आहे तर धीट व्हावे, म्हणून फोनवरील पहिल्याच अनोळखी माणसाच्या खोलीवर जावे, हेही मला मान्य नाही. अशा भेटींत चित्रण करून पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत. (खंडणी हा गुन्हा आहे, भेटणे नव्हे, एवढे माहीत असले तरी निम्मी भीती जाते.) पहिली भेट दिवसाढवळ्या, चहाच्या टपरीवर व्हावी आणि आपण कोठे गेलो आहोत हे एका तरी माणसाला ठाऊक असावे. भेट फसली तर ज्या अंथरुणावरून कोणी उठवणार नाही असे एक अंथरूण आणि दोन महिन्यांची मजुरी गाठीला असली, की सुरुवात करायला हरकत नसावी.

या अटीमुळे गरिबालाच अधिक थांबावे लागते, हे मला दिसते आणि ते मला बोचते. म्हणून ती अट पुरी करण्याचे काम त्याच्या एकट्यावर टाकता येणार नाही. आपल्या कार्यालयाची माडी वर्षातून दहा महिने रिकामी असते. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट स्थापन केला. त्यांची या विषयावरील मराठी पुस्तके तालुक्याच्या वाचनालयात ठेवायला किती खर्च येईल? शिबिरात स्त्री-पुरुष समतेवर तीन-तीन तास बौद्धिके होतात, त्यांत अर्धा तास या विषयाला देता येईल. या तिन्ही गोष्टी मी जिल्हा समितीच्या येत्या बैठकीत मांडणार आहे. विरोध होईल, तोही ऐकून घेऊ.

माडीची किल्ली मात्र बैठकीची वाट न पाहता त्याच्याकडे दिली आहे. येत्या रविवारी तो नगरमध्ये एकाला भेटायला जाणार आहे. संध्याकाळी सहापर्यंत परतेन, असे त्याने मला सांगून ठेवले आहे.