दिवा विझवणे म्हणजे निदान नव्हे

पुणे-सातारा महामार्गावर नीरा नदीच्या अलीकडे सारोळे लागते. पुढे शिरवळ, खंडाळा आणि मग खंबाटकीचा घाट. अशा ठिकाणी गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, की चालकाच्या मनात एकच प्रश्न असतो : घाट चढायचा की गॅरेज शोधायचे? गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो, एक कोड दिसतो, तो पुसला जातो आणि दिवा विझतो. गाडी मार्गस्थ होते. निदान मात्र झालेलेच नसते. ताप उतरवणारी गोळी दिली म्हणजे तापाचे कारण गेले असे नाही, तसेच हे आहे.

भारतात एप्रिल 2013 पासून चारचाकींना ओबीडी-2 ही स्वयंनिदान यंत्रणा टप्प्याने लागू झाली. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे सॉकेट असते. त्यातून मिळणारा कोड हे फक्त लक्षण असते. आजार शोधायचा तर चालू इंजिनचे आकडे, म्हणजे लाइव्ह डेटा, पाहावा लागतो.

'पी 0171' या कोडचे उदाहरण घेऊ. त्याचा अर्थ इतकाच, की मिश्रणात इंधनाच्या मानाने हवा जास्त आहे. कोड येतो ऑक्सिजन सेन्सरच्या नोंदीवरून, म्हणून अनेकदा तो सेन्सरच बदलला जातो. काही हजार रुपये जातात आणि आठवड्याने दिवा पुन्हा लागतो. खरे उत्तर 'फ्युएल ट्रिम' या आकड्यात असते. संगणक ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के इंधन वाढवतो किंवा कमी करतो, ते हा आकडा सांगतो. साधारण उणे 10 ते अधिक 10 पर्यंत काळजी नसते. गाडी उभी असताना तो अधिक 20 असेल आणि इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर नेताच तीन-चारवर उतरत असेल, तर कुठेतरी फाटलेल्या नळीतून चोरटी हवा आत येते आहे. उभ्या गाडीत इंजिन थोडीच हवा घेते, म्हणून तेव्हा गळतीचा वाटा मोठा दिसतो. उलट घाटात जोर लावताना आकडा चढत असेल, तर इंधनाचा दाब किंवा हवा मोजणारा सेन्सर तपासावा. कोड एकच, पण दोन वेगळे आजार.

आकड्यावरही आंधळा विश्वास नको. मे महिन्यात सारोळ्यात इंजिनचे तापमान उणे 40 अंश दिसले, तर इंजिन गोठलेले नसते. सेन्सरची तार तुटलेली किंवा जोड निघालेला असतो. थंडगार बोटाला किंवा नेलपॉलिश लावलेल्या नखाला ऑक्सिमीटर लावला तर तोही चुकतो. जाणता डॉक्टर तेव्हा यंत्राआधी रुग्णाकडे पाहतो. मेकॅनिकनेही नळ्या, तारा आणि इंजिनचा आवाज सोडून केवळ पडद्याकडे पाहू नये.

हा प्रश्न केवळ खिशाचा नाही. ओबीडीचा जन्म धुरावर लक्ष ठेवण्यासाठी झाला. पिवळा दिवा लुकलुकत असेल, तर एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. ते न जळता पुढे जाते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होतो. मग विषारी कार्बन मोनॉक्साइडला रोखणारे कोणी उरत नाही. डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी तुंबली, की ती काढून टाकून संगणकाला गप्प बसवण्याचा सल्ला काही ठिकाणी सर्रास दिला जातो. डिझेलच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले. दिवा विझतो, पण ती काजळी महामार्गालगत राहणाऱ्यांच्या आणि शाळेत चालत जाणाऱ्या मुलांच्या फुप्फुसात जाते.

म्हणून वाहनमालकांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा. कोड पुसण्याआधी तो लिहून किंवा फोटो काढून घ्यावा. त्यासोबत बिघाडाच्या क्षणाचे वेग, तापमान, भार यांचे आकडे साठलेले असतात आणि पुसताना तेही जातात. सुटा भाग बदलण्याआधी 'कोणत्या आकड्यावरून ठरवले?' असे विचारावे. दुरुस्तीनंतर तेच आकडे पुन्हा पाहावेत. मोबाइलवर हे आकडे दाखवणारे छोटे उपकरण काही शे रुपयांत मिळते. पण गाडी चालवताना ते पाहू नये. आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, तर गाडी सुरक्षित जागी थांबवावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालचे उकळते पाणी क्षणात चेहरा आणि हात भाजते.

आयटीआयच्या विद्यार्थ्यांना आणि महामार्गावरच्या मेकॅनिकना कोड वाचण्याबरोबर आकड्यांची संगती लावायलाही शिकवले पाहिजे. स्कॅनर विकत घेता येतो, निदान शिकावे लागते. रुग्णालयात हे सर्वांना पटते. गॅरेजमध्येही पटायला हवे.