‘आमच्यावर प्रयोग नकोत’ म्हणण्याआधी

सरकारी रुग्णालयातला गरीब पेशंट म्हणजे डॉक्टरांचा उंदीर, असे म्हणणारा माणूस अडाणी नसतो. बहुतेक वेळा तो रोज पेपर वाचणारा असतो आणि त्याने वाचलेले खरेही असते. 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस सुमारे 24 हजार मुलींना देण्यात आली. त्यांतल्या सात मुली पुढे मरण पावल्या. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत जुळला नाही. पण संमतीपत्रांचा गठ्ठा उघडला तेव्हा अनेक कागदांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनची किंवा मुख्याध्यापकांची सही निघाली. दहा ते चौदा वर्षांची आदिवासी मुलगी आणि तिच्या वतीने सही करणारा वॉर्डन! 2013 मध्ये संसदीय समितीने यावर कडक अहवाल दिला, त्यात नवल काही नव्हते.

तेव्हा चाचणीविरोधकांचा पूर्वपक्ष पोकळ नाही. तो थोडक्यात असा: चाचण्या होतात कंपन्यांच्या नफ्यासाठी; त्यात वापरला जातो तो नाइलाजाने आलेला गरीब; निम्म्या पेशंटना मुद्दाम कमी उपचार दिले जातात; आणि वीस-तीस वर्षे हजारो पेशंट पाहिलेल्या डॉक्टरला काय चालते ते कळतेच, मग चिठ्ठ्या टाकून माणसे दोन गटांत वाटण्याचा हा खटाटोप कशाला?

शेवटचा मुद्दा आधी घेऊ, कारण सगळ्यात सज्जन दिसणारा आणि सगळ्यात घातक तोच आहे.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या हृदयात अधूनमधून जादा ठोके पडतात. असे ठोके ज्यांना जास्त पडतात ते अचानक दगावण्याचा धोका जास्त, हे निरीक्षण पक्के होते. फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड ही औषधे ते ठोके बंद करत. ईसीजीची पट्टी स्वच्छ दिसे, डॉक्टर निश्चिंत होत, पेशंटही खूश. अमेरिकेत ही औषधे सर्रास लिहून दिली जात होती. मग ‘कास्ट’ नावाची चाचणी झाली. औषधाने ज्यांचे ठोके खरोखरच आटोक्यात आले, अशाच लोकांना तीत घेतले होते. म्हणजे औषधाला अनुकूल असेच मैदान होते. 755 जणांना खरे औषध मिळाले, 743 जणांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. औषध घेणाऱ्यांत 63 मृत्यू झाले, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत 26. पट्टी सुधारत होती आणि माणसे मरत होती. एकेका डॉक्टरला हे कधीही कळले नसते, कारण हृदयविकाराचा पेशंट गेला तर तो हृदयविकाराने गेला असेच वाटणार. मेलेल्यांची तुलना कोणाशी करायची, हेच अनुभव सांगू शकत नाही.

दूरचे उदाहरण नको असेल तर 2020 आठवावे. कोविडमधून बरा झालेल्या माणसाच्या रक्तातला प्लाझ्मा आजारी माणसाला द्यायचा. त्यातली प्रतिपिंडे विषाणूला मारतील. तर्क इतका सरळ होता, की शंका घेणारा माणूसच विकृत वाटावा. महाराष्ट्र सरकारने त्या जूनच्या अखेरीस प्लाझ्मा उपचाराच्या ‘प्लाटिना’ प्रकल्पाचा गाजावाजा केला. दरम्यान भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातल्या 39 रुग्णालयांत 464 रुग्णांची रीतसर चाचणी घेतली. आजार बळावणे किंवा मृत्यू, हे प्लाझ्मा मिळालेल्यांत 19 टक्के आणि न मिळालेल्यांत 18 टक्के. फायदा शून्य. हा निकाल 2020 च्या ऑक्टोबरमध्ये छापून आला. तरीही 2021 च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, माणसे रात्ररात्र फोन लावून प्लाझ्मादाते शोधत होती. मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा हटला तो मे 2021 मध्ये. प्रयोग कोणावर झाला मग? त्या 464 जणांवर, ज्यांची संमती घेतली, नोंद ठेवली, तुलना केली? की त्या असंख्य लोकांवर, ज्यांना तेच औषध कसलीही नोंद न करता टोचले गेले?

खरा बेबंद प्रयोग हा दुसरा. त्याला आपण उपचार म्हणतो एवढेच.

त्याच साथीत ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने डेक्सामेथासोन हे जुने, कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणारे, मातीमोल किमतीचे स्टेरॉइड तपासले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण 41.4 टक्क्यांवरून 29.3 टक्क्यांवर आले. मार्च 2020 मध्ये सुरू झालेल्या चाचणीने 16 जूनला हे जाहीर केले. ज्यांना प्राणवायूही लागत नव्हता त्यांना मात्र या औषधाने काही लाभ दिसला नाही, हेही त्याच चाचणीतून कळले. स्टेरॉइड द्यावे की देऊ नये यावर तोपर्यंत अनुभवी डॉक्टरांचे दोन तट होते आणि दोन्ही तट आपापल्या अनुभवाचीच साक्ष काढत होते.

अनुभवाला इथे कमी लेखायचे नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर रक्तदाबाचे प्राझोसिन हे औषध वापरून जीव वाचवले, ते खेड्यातल्या पेशंटच्या उशाशी बसून केलेल्या निरीक्षणातूनच. पण हाच माणूस आपल्या यशावर थांबला नाही. प्राझोसिन एकटे बरे की जोडीला विंचवाच्या विषावरचे प्रतिविषही द्यावे, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या रुग्णालयात 70 पेशंटची चाचणी घेऊन सोडवला. दहा तासांत पूर्ण बरे झालेले: दोन्ही औषधांच्या गटात 35 पैकी 32, नुसत्या प्राझोसिनच्या गटात 35 पैकी 8. निबंध 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. ज्याला अनुभवाचा सर्वाधिक अभिमान वाटावा त्यानेच तो अनुभव कसाला लावला, ही गोष्ट अनुभवाची ढाल पुढे करणाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

आता ‘निम्म्या पेशंटना मुद्दाम कमी उपचार’ हा आरोप. याचे उत्तर मुंबईत परळला मिळते.

तंबाखू आणि सुपारीने आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे पीक काढले आहे. सुरुवातीच्या टप्प्यावर पेशंट आला, जिभेवरची किंवा गालातली गाठ लहान आहे, मानेत हाताला काहीच लागत नाही. शस्त्रवैद्याने तोंडातली गाठ काढली. मानेतल्या लसीकाग्रंथीही त्याच वेळी काढून टाकाव्यात, की तिथे रोग दिसेल तेव्हा पाहू म्हणून थांबावे? काढाव्यात तर अनेकांचे ऑपरेशन विनाकारण वाढते, खांदा दुखत राहतो. थांबावे तर रोग आत दडलेला असू शकतो. जगभरचे निष्णात शस्त्रवैद्य या प्रश्नावर पाच दशके भांडत होते. टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी 2004 पासून दहा वर्षे 596 रुग्णांची चाचणी घेतली. पहिल्या 500 जणांचे आकडे पाहिल्यावर देखरेख समितीने नवे पेशंट घेणे थांबवायला सांगितले, इतका फरक उघड होता. तीन वर्षांनी जिवंत असलेले: आधीच ग्रंथी काढलेल्यांत 80 टक्के, थांबलेल्यांत 67.5 टक्के. आठ जणांवर हे ऑपरेशन केले तर एक जीव वाचतो.

थांबलेल्या गटावर अन्याय झाला का? आज मागे वळून पाहणाऱ्याला तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण 2004 मध्ये ‘थांबा’ म्हणणारे डॉक्टर जगभर होते आणि त्यांचे पेशंट चाचणीबाहेरही तसेच थांबत होते. चाचणी झाली नसती तर तो अन्याय पन्नासऐवजी सत्तर वर्षे चालला असता आणि कोणाच्या खाती मांडलाही गेला नसता. शिवाय चिठ्ठी नेहमी जास्त उपचारांच्या बाजूनेच जिंकते असेही नाही. त्याच रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे यांच्या चमूने शरीरभर पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या 350 स्त्रियांमध्ये मूळ गाठीवर ऑपरेशन करून पाहिले. आयुष्य वाढले नाही: ऑपरेशन झालेल्यांचे मध्यक आयुर्मान 19.2 महिने, न झालेल्यांचे 20.5 महिने. इथे ज्यांना ‘कमी’ मिळाले त्यांचे काही गेले नाही, उलट स्तन वाचला. अशा नकारार्थी निकालांवर मथळे येत नाहीत, पण त्यांनी किती बायकांची निष्फळ चिरफाड टाळली असेल!

कंपन्यांच्या नफ्याचा आरोप अर्धा खरा आहे, म्हणूनच त्याचा रोख बदलायला हवा. कंपनी ज्यात पैसा आहे तोच प्रश्न विचारणार. स्वस्त औषधाचा, कमी डोसाचा, अन्नाचा प्रश्न विचारायला तिला काय पडले आहे? ते प्रश्न सार्वजनिक संस्थांनीच विचारायचे असतात आणि आपल्याकडे ते विचारले गेले आहेत. डॉ. बडवे यांच्याच चमूचे उदाहरण: स्तनातली गाठ काढायच्या सात ते दहा मिनिटे आधी तिच्याभोवती लिग्नोकेनचे इंजेक्शन द्यायचे, म्हणजे दात काढताना जागा बधिर करतात तेच औषध. कल्पना प्रयोगशाळेतली होती: पेशीच्या आवरणातल्या ज्या सोडियमच्या वाटा कर्करोगाला पसरायला मदत करतात त्या हे औषध बंद करते. पण प्रयोगशाळेतल्या कल्पना देखण्या असतातच. याच चमूची ऑपरेशनपूर्वी प्रोजेस्टेरॉन देण्याची तितकीच देखणी कल्पना हजार स्त्रियांच्या चाचणीत एकूण गटात ठरली नव्हती. लिग्नोकेन मात्र 11 केंद्रांवरच्या 1600 स्त्रियांत उतरले. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण 86.4 वरून 90.1 टक्के झाले. निकाल 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या गटाला खोटे इंजेक्शन दिलेले नव्हते, म्हणून ही चाचणी इतरत्र पुन्हा व्हावी असे म्हणणे रास्तच आहे. पण ती करायला कोणती कंपनी पुढे येणार?

निव्होलुमॅब या महागड्या औषधाचेही तसेच. एरवी त्याचा डोस दर दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅम. टाटामधल्या डॉक्टरांनी डोके-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात गोळ्यांच्या स्वस्त उपचाराला दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅमची जोड दिली. वर्षाअखेर जिवंत असलेले 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेले. पूर्ण डोसाशी ही तुलना नव्हती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरी ज्याला पूर्ण डोस स्वप्नातही परवडत नाही त्याच्यापुढे खरा पर्याय कोणता असतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

आणि अन्न. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या ‘राशन्स’ चाचणीत 2800 क्षयरुग्णांना सकस शिधा दिला गेला. त्यांच्या घरांतल्या दहा हजारांहून अधिक माणसांपैकी एका गटालाही शिधा मिळाला आणि त्या गटात नव्या क्षयाचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी राहिले. गरिबाला चांगले खायला मिळाले तर क्षय कमी होतो, हे सांगायला चाचणी कशाला, असा टोमणा मारता येईल. पण ‘सगळ्यांना माहीत’ असलेल्या गोष्टीवर अंदाजपत्रकात पैसे पडत नाहीत. हे निष्कर्ष ऑगस्ट 2023 मध्ये ‘लॅन्सेट’ गटाच्या नियतकालिकांत छापून आले आणि नोव्हेंबर 2024 पासून क्षयरुग्णाचा पोषणभत्ता महिना 500 वरून 1000 रुपये झाला.

उरतो तो सगळ्यात अवघड दाखला. 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर टाटा मेमोरियलने चाचणी घेतली. चार आठवड्यांचे प्रशिक्षण दिलेल्या, दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांनी गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून तपासायचे. पांढरा डाग पडला तर पुढच्या तपासणीला पाठवायचे. बारा वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. पण तुलनेसाठीच्या निम्म्या स्त्रियांना तपासणी नव्हती, फक्त आरोग्यशिक्षण होते. गर्भाशयमुखाच्या पेशी पाहणारी पॅप तपासणी उपयोगी असते हे जगाला ठाऊक असताना हे योग्य होते का? टीका तीव्र झाली आणि ती गैरलागू म्हणता येणार नाही. ‘देशात तपासणी होतच नाही, म्हणून तेच प्रमाण उपचार’ हा संशोधकांचा बचाव नियमात बसतो, पण मनाला पटत नाही. तुलनेचा गट सरकारी अनास्थेच्या पातळीवर ठेवायचा नसतो. त्या स्त्रियांना दुसरी कोणती तरी तपासणी देऊन तुलना करता आली असती.

मात्र टीकाकार इथेच थांबतात, ही त्यांची चूक. निकाल 2013 मध्ये जाहीर झाला, 2016 मध्ये केंद्र सरकारने हीच तपासणी राष्ट्रीय धोरणात घातली, आणि 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या 1.9 टक्के. म्हणजे उरलेल्या 98 टक्के बायका तेव्हाही त्या तुलनेच्या गटातच होत्या, संमतीपत्राशिवाय.

चाचण्या बंद पाडणे हा खम्ममवरचा इलाज नाही. औषध चाचण्यांच्या 2019 च्या नियमांत नुकसानभरपाई आणि नैतिक समितीची जबाबदारी स्पष्ट लिहिलेली आहे. त्या नियमांची अंमलबजावणी मागणे हा खरा इलाज. जिल्हा रुग्णालयांतही कंपनीच्या पैशाविना साधे प्रश्न तपासले जावेत, ही मागणी त्याहून मोठी. तेव्हा डॉक्टरांनी संमतीपत्र पुढे केले तर वाचकाने घाबरून उठून जाऊ नये आणि न वाचता सहीही करू नये. दुसऱ्या गटाला काय मिळणार, इजा झाली तर खर्च कोण करणार, पैसा कोणाचा, हे विचारावे. चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा. जून 2009 पासून प्रत्येक चाचणीची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करणे बंधनकारक आहे आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. आणि चाचणी नसलेले महागडे नवे औषध कोणी लिहून दिले, तर हेच प्रश्न दुप्पट जोराने विचारावेत.