प्रायमर घेताना आधी पुस्तक, मग भाव

अमेरिकेत नेमबाजीचा नाद लागून आता घरीच काडतुसं भरायला बसलेल्या मराठी मंडळींना एक विनंती आहे. पुंगळ्या रेंजवरून वेचून आणा, गोळ्या सेलमध्ये मिळाल्या तर जरूर घ्या, प्रेस कुणाचं जुनं मिळालं तरी बिघडत नाही. प्रायमर मात्र स्वस्त दिसला म्हणून उचलू नका.

काडतुसाच्या बुडाशी बसणारी ही मसुराएवढी वाटी. तिच्यात लेड स्टिफनेट या स्फोटकाचं कणभर मिश्रण असतं. फायरिंग पिनचा ठोका बसला की ते उडतं आणि आतली दारू पेटते. पुंगळी, दारू, गोळी आणि प्रायमर या चौघांत नुसत्या ठोक्यानं उडावा म्हणून बनवलेला हा एकटाच.

दुकानात जाण्याआधी स्वतःचा व्हिसा बघा. विद्यार्थी किंवा एच-वन-बी अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि दारूगोळा बाळगायला तिथल्या केंद्रीय कायद्यानं मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं वगैरे मोजकेच अपवाद. आणि त्या कायद्याच्या व्याख्येत सुटा प्रायमर, इतकंच काय रिकामी पुंगळीसुद्धा, दारूगोळ्यात धरली आहे. ‘बंदूक मित्राची आहे, माझ्याकडे फक्त सामान’ ही सबब चालत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

आता माल. प्रायमर दोन व्यासांत येतो: लहान ०.१७५ इंच, मोठा ०.२१० इंच. दोन्हींत पिस्तुलाचा आणि रायफलचा असे वेगळे प्रकार, आणि त्यांतही साधा व मॅग्नम. घोळ इथेच होतो. लहान पिस्तुलाचा आणि लहान रायफलचा प्रायमर बाहेरून सारख्याच मापाचा असतो, त्यामुळे चुकीचा घातला तरी प्रेस तुम्हाला अडवत नाही. फरक वाटीच्या जाडीत. रायफलचा दाब जास्त, म्हणून तिची वाटी जाड. पातळ वाटी रायफलमध्ये फुटून गरम वायू मागे बोल्टच्या तोंडावर येतो. जाड वाटी हलक्या घोड्याच्या पिस्तुलात उडतच नाही. मोठ्या मापात रायफलचा प्रायमर थोडा उंच असतो, तो पिस्तुलाच्या पुंगळीत बसवला तर बुडाबाहेर डोकावतो. असं काडतूस बंदुकीत घालायचं नाही.

खोक्यावर ‘स्मॉल रायफल’ लिहिलंय एवढ्यावरही विसंबू नका. रेमिंग्टनचे साडेसहा नंबर आणि साडेसात नंबर हे दोन्ही स्मॉल रायफलच; पण साडेसहा नंबर .२२ हॉर्नेटसारख्या कमी दाबाच्या काडतुसांसाठी आहे, .२२३ साठी साडेसात. दुकानात दोन्ही शेजारी-शेजारी असतात. एआर-१५ किंवा एम-१ गॅरंडसारख्या बंदुकीत फायरिंग पिन सुटी असते, बोल्ट बंद होताना ती प्रायमरला हलकीशी टेकते. नाजूक प्रायमर असेल तर चाप न ओढताच बार उडू शकतो. सीसीआयचे ४१ नंबर (लहान) आणि ३४ नंबर (मोठे) अशा बंदुकांसाठीच काढलेले आहेत. माझं मत विचाराल तर एआरसाठी भरणाऱ्यानं दुसरं काही शोधत बसूच नये.

मग निवड कशी करायची? निवड करायचीच नाही. तुमच्या काडतुसाच्या आणि दारूच्या मापासाठी लोडिंग मॅन्युअलमध्ये ज्या कंपनीचा, ज्या नंबरचा प्रायमर छापलाय, तोच आणायचा. तो मिळालाच नाही आणि त्याच प्रकारातला दुसऱ्या कंपनीचा घ्यावा लागला, तर दारूचं माप पुस्तकातल्या सुरुवातीच्या आकड्यावर आणा आणि तिथून पुन्हा हळूहळू वर चढा. मॅग्नम म्हणजे भारी, म्हणून चांगला, हा समज सोडा. साध्याच्या जागी तो घातला की दाब वाढू शकतो.

भावाचं बोलायचं तर २०२० च्या आधी हजाराचा खोका साधारण ३०-३५ डॉलरला येत असे. महामारीत माल गायब झाला आणि खासगी सौद्यांत त्याच खोक्याला १०० डॉलरच्या वर मागू लागले. त्या धसक्यानं लोक अजूनही दिसेल ते साठवतात. टंचाई अशा साठवणीनंच वाढते. वर्षभरात जेवढे बार काढता, त्याला पुरेल एवढंच घ्या. घरपोच मागवलंत तर धोकादायक मालाचं वेगळं शुल्क पडतं आणि ते १०० नगांनाही तेवढंच. चौघांनी मिळून एकदा मागवणं परवडतं. मात्र अमेरिकेच्या अग्निसुरक्षा मानकात घरात १०,००० प्रायमरांची मर्यादा आहे, ती पाळा.

गराज सेलमध्ये कुणी डबाभर सुटे प्रायमर जवळजवळ फुकट देऊ लागला तर हात जोडा आणि निघा. कोणता कशाचा ते ओळखता येत नाही, आणि एक उडाला की शेजारचे सगळे उडू शकतात. कंपनी त्यांना एकेका खाचेत वेगळं बसवून देते ते यासाठीच. घरी आणल्यावरही त्याच खोक्यात, कोरड्या जागी, दारूपासून लांब, मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. बसवताना डोळ्यांवर चष्मा हवा. काम झालं की साबणानं हात धुवा, कारण त्यात शिसं आहे.

आणि सुट्टीत भारतात येताना रेंजवर नेलेली पिशवी प्रवासाला घेऊ नका. अमेरिकेतून उडणाऱ्या विमानात प्रायमर ना हातातल्या सामानात चालतो, ना खाली दिलेल्या. इथे १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याचे सुटे भागही दारूगोळ्यातच मोजतात. एखादा प्रायमर कप्प्यात विसरला तरी तो विनापरवाना ठरू शकतो. पिशवी घरीच ठेवा, बॅग नवी घ्या.