आवाज जाड झाला म्हणून गप्प बसू नका



चाळिशी उलटली की चष्मा लागतो, केस पिकतात, गुडघे कुरकुर करू लागतात. याची घरात चर्चा तरी होते. आवाज बदलतो, त्याची मात्र कोणी दखल घेत नाही. फोनवर समोरचा माणूस “दादा, जरा वहिनींना बोलवा” म्हणतो, तेव्हा आपण हसून वेळ मारून नेतो. भजनात वरचा सूर लागेनासा होतो, तेव्हा पुढची जागा सोडून मागे टाळ घेऊन बसतो. पुढे भजनाला जाणेही हळूहळू सुटते. इतके होण्याजोगे काही घडलेले नसते.

आपल्या गळ्यात स्वरतंतूंची एक जोडी असते. लांबी जेमतेम एक-दीड सेंटीमीटर. बोलताना बाईचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०० वेळा थरथरतात, पुरुषाचे सुमारे १२० वेळा. म्हणून आपला आवाज बारीक. साधारण ४५ ते ५० च्या सुमारास पाळी जाते. शरीरातले इस्ट्रोजेन कमी होते. त्यामुळे स्वरतंतू थोडे जाडसर होतात, त्यांच्यावरचा ओलावाही घटतो. जाड तार सावकाश हलते, तसा आवाज खाली उतरतो. घसा लवकर कोरडा पडतो, बोलून दमायला होते. सगळ्याच जणींना हे सारखे जाणवत नाही. गंमत अशी की म्हातारपणी पुरुषांचा आवाज उलट बारीक होत जातो.

तेव्हा जुन्या पट्टीसाठी गळा ताणू नका. पेटीवाल्याला सांगून पट्टी उतरवून घ्या. काळी पाचमध्ये गात असाल तर काळी चारवर या. तीही जड गेली तर पांढरी पाच घ्या. अभंग तोच राहतो. किराणा घराण्याच्या गंगूबाई हनगल (१९१३ ते २००९) यांचा आवाज तरुणपणी बारीक होता. घशाच्या दुखण्यानंतर तो भारदस्त झाला. त्याच आवाजाने त्यांनी उतारवयापर्यंत मैफली गाजवल्या.

रोजची काळजीही साधीच आहे. रानात जाताना पाण्याची बाटली घ्या आणि तहान लागायची वाट न पाहता घोटघोट पाणी प्या. या बांधावरून त्या बांधावर ओरडण्यापेक्षा जवळ जाऊन बोला. सारखे खाकरू नका, त्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. घसा बसला तर कुजबुजूही नका, त्यानेही ताण पडतो. सरळ गप्प राहा. गुळण्यांनी घशाला आराम वाटतो, पण ते पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. वाफ पोचते. जेवून लगेच आडवे होऊ नका, रात्री वर आलेले आम्लपित्त आवाज बिघडवते. चुलीच्या धुराला वाट करून द्या. सकाळी काम करताना ओठ मिटून पाच मिनिटे हलकेच गुणगुणा, गळा मोकळा होतो.

आता महत्त्वाचे. वयाने आवाज उतरतो तो हळूहळू, वर्षानुवर्षांत. तो एकाएकी घोगरा झाला आणि तीन आठवडे झाले तरी सुधारला नाही, तर “वय झालं” म्हणून अंगावर काढू नका. गिळताना दुखणे, थुंकीत रक्त, मानेला गाठ किंवा धाप लागणे असेल, तर तीन आठवडेही थांबू नका. मिश्री लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या बायांनी तर अधिकच जपावे. मिश्री म्हणजेही तंबाखूच. कान-नाक-घशाचे डॉक्टर छोटा आरसा किंवा दुर्बीण घालून घसा पाहतात. काही मिनिटांचे काम असते. स्वरयंत्राचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होऊ शकतो. आवाज जड होण्याबरोबर थकवा येत असेल, वजन वाढत असेल, थंडी सोसवत नसेल, तर थायरॉईडसाठी रक्त तपासून घ्या. त्यावर गोळ्या आहेत.

घरच्या मंडळींनाही एक सांगणे आहे. आईच्या, सासूच्या जाड आवाजाची नक्कल करून हसू नका. पुष्कळ बाया त्या हसण्यापायीच गाणे सोडतात. आणि भजनी मंडळातल्या तरुण मुलींनो, येत्या एकादशीला पट्टी थोडी उतरवा आणि मागे बसलेल्या काकूंना पुढे बोलवा. जुन्या चाली त्यांनाच येतात. त्या गप्प बसल्या तर त्या चाली तुम्हाला शिकवणार कोण?