कॉलेज गावात आलं, पण किल्ल्या कुणाकडे?

‘सगळं फुकट देऊनही हे विद्यार्थी टिकत नाहीत.’ कॅनडाच्या उत्तर भागातल्या आदिवासी विद्यार्थ्यांबद्दल असं सर्रास बोललं जातं. हा सूर आपल्या ओळखीचा आहे. आपल्या शिष्यवृत्तीवर आणि आरक्षणावर हेच बोट दाखवलं जातं. म्हणून आम्ही या प्रश्नावर गप्प बसणार नाही.

आधी इतिहास पाहा. १८७६ च्या इंडियन अॅक्टमध्ये विद्यापीठाची पदवी घेणाऱ्याचा ‘इंडियन’ हा कायदेशीर दर्जाच जाण्याची तरतूद होती. शिकायचं तर समाज सोडायचा! निवासी शाळांनी मुलं आईबापांपासून तोडली, आपली भाषा बोलली म्हणून मारली. त्यातली शेवटची शाळा बंद व्हायला १९९० चं दशक उजाडलं. ज्यांना शाळेनेच जखमा दिल्या, त्यांना ‘शिक्षणाची आवड नाही’ म्हणणं हा निर्लज्जपणा आहे.

आणि फुकट तरी काय दिलं? १९९६ पासून जवळपास वीस वर्षं फर्स्ट नेशन्स विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाच्या निधीची वार्षिक वाढ २ टक्क्यांवर रोखून धरली. विद्यार्थी वाढले, फी वाढली, निधी वाढला नाही. २०१५ मध्ये सत्यशोधन आयोगाला आपल्या ९४ मागण्यांत, निधीअभावी ताटकळलेल्या विद्यार्थ्यांसाठी पुरेसा पैसा द्या, असं सांगावं लागलं.

नुनावुतमध्ये २५ वस्त्या आहेत. एकीतून दुसरीत जायला रस्ता नाही, विमानच लागतं. दोन लेकरांची आई पदवीसाठी हजारो किलोमीटर दक्षिणेला कशी जाणार? तिला आधार द्यायचा म्हणजे समुपदेशनाचं पत्रक हातात ठेवायचं नव्हे. तिला राहायला घर, लेकरांना पाळणाघर, वेळेवर भत्ता आणि वर्गात तिची भाषा हवी.

हे दिलं की विद्यार्थी टिकतात. इकालुइटमध्ये २००१ साली कायद्याचा अभ्यासक्रम नेला, २००५ मध्ये ११ जण पदवीधर झाले. पुढची तुकडी सुरू व्हायला मात्र २०१७ उजाडलं. सस्कॅचवानच्या उत्तरेत ला रोंज इथे १९७० च्या दशकात ‘नॉरटेप’ हा शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रम उभा राहिला. त्याचा कारभार उत्तरेतल्याच लोकांच्या मंडळाकडे होता. त्यातून क्री, डेने आणि मेटी समाजाचे शेकडो शिक्षक घडले. तरीही प्रांतिक सरकारने त्याचा स्वतंत्र निधी काढून घेतला. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, पण २०१७ मध्ये कार्यक्रम दुसऱ्या कॉलेजात विलीन झाला.

म्हणजे यशस्वी होऊनही तो वाचला नाही, कारण तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या हातात होती.

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, ते १९४५ मध्ये उभारलेल्या स्वतःच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत. कॉलेज मागासलेल्या मराठवाड्यात नेलं आणि कारभारही आपल्या हातात ठेवला.

म्हणून मित्रांनो, नुसती सीट मागू नका. वसतिगृह, भत्ता, भाषा मागा आणि या सगळ्याचा निर्णय घेणाऱ्या समितीत बहुमत मागा. उत्तरेतल्या त्या विद्यार्थ्यांची लढाई हीच आहे, आणि आपलीही.

जय भीम!