छंद आणि धंदा

आपल्या हाताने काही घडवावे, ही इच्छा आमच्या सुशिक्षित कुटुंबांत पुन्हा जागी झाली आहे, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह होय. शिरूर आणि दौंड या दोन्ही गावी आमचा बराच स्नेहसंबंध आहे. तेथील काही घरांत रविवारची दुपार कातडी पाकिटे शिवण्यात आणि रंगीत पेन्सिलींनी चित्रे काढण्यात जाते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. एकाने चष्म्याचे घर शिवून स्नेह्यास द्यावे, त्या स्नेह्याने त्याच्या मुलीचे चित्र रेखून त्याची फेड करावी, असा तो गोड व्यवहार असतो. मग या निरुपद्रवी छंदाविरुद्ध लेखणी का उचलावी, असे वाचक विचारतील. छंदाविषयी आमची तक्रार नाहीच. तक्रार आहे ती त्याच्या पाठोपाठ घरात शिरलेल्या एका दांभिक समजुतीविषयी. ती समजूत अशी की, आम्ही रापी हाती धरली म्हणजे ती कला, आणि चांभाराने धरली म्हणजे तो हलका धंदा!

घोड आणि भीमा या नद्यांमधील अवर्षणाच्या टापूत ज्या मोटेने विहिरीचे पाणी मळ्यात पोचविले, ती मोट, तिची सोंड, बैलावरचा आसूड आणि कुणब्याच्या पायांतील वहाणा, हे सारे चर्मकाराच्या हातचे. ढोराने चुना, बाभळीची साल आणि हिरडा यांनी कातडे कमवावे, चांभाराने ते बेतून शिवावे, आणि सुगीला खळ्यावर दोन पायल्यांसाठी उभे राहावे, अशी ती रीत होती. ज्या गावाचे मळे त्याच्या मोटेवर पिकले, त्या गावाने त्याला देवळाच्या पायरीवर येऊ दिले नाही. उलट 'चांभारचौकशा' असा शब्द मात्र भाषेत रूढ करून ठेवला. पुढे लोखंडी मोट आली, मागाहून इंजिन आणि विजेचा पंप आला, रबराची आणि प्लॅस्टिकची पायताणे आली. आणि हा कारागीर एसटी स्थानकाच्या कडेला छत्रीखाली येऊन बसला.

आमचे हौशी मित्र दूरच्या शहरांतून कातडे मागवितात, परदेशी हत्यारांचा संच घेतात, आणि दोन सुयांचा टाका साधण्यासाठी महिना खर्ची घालतात. परंतु कातड्याची कड कशी तासावी, हे त्या छत्रीखालच्या माणसास विचारावे, असे एकासही सुचत नाही. त्याच्याकडे ते जातात ते तुटलेला अंगठा शिवून घेण्यास, आणि तेथे पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतात. एका दिवाणखान्यात आम्ही रंगीत पेन्सिलीचे एक सुरेख चित्र पाहिले. वृद्ध चर्मकाराची मुद्रा होती. रंगावर रंग चढवून प्रत्येक सुरकुती उठविली होती. सर्वांनी वाहवा केली. आम्ही त्या वृद्धाचे नाव विचारले. चित्रकारास ते ठाऊक नव्हते. त्याने केवळ छायाचित्र टिपून आणले होते.

जून २०२५मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी वहाणेसारखी पादत्राणे मिरविली, आणि तिचे मूळ सांगितले नाही. महाराष्ट्र खवळला, आम्हीही खवळलो. २०१९ साली ज्या वहाणेस भौगोलिक मानांकन मिळाले, तिचे नावसुद्धा न घेणे हा अन्यायच होता. आणि निषेधानंतर त्या कंपनीस तिचे मूळ मान्य करावे लागले. परंतु वाचकहो, प्राडाने मिलानमध्ये जे केले, तेच आम्ही आपल्या दिवाणखान्यात करीत नाही काय? कारागिराची विद्या घ्यावी, त्याची मुद्राही घ्यावी, आणि नाव तेवढे वगळावे!

यावर कोणी म्हणेल की, चर्मकाराच्या मुलांनाच आता हा धंदा नको आहे. नको असेल तर ते योग्यच आहे. ज्या कामापायी पिढ्यान्‌पिढ्या अवमान सोसला, त्याला त्यांनी चिकटून राहावे, असे सांगण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? ते तो सोडतात, यात दोष त्यांचा नाही. दोष आहे तो आमच्या दोन मापांचा.

हातच्या देणगीस थोरवी कशी येते, हे गांधीजींनी दाखवून दिले. १९१० साली स्थापन झालेल्या टॉल्स्टॉय फार्मवर कॅलेनबाख यांच्याकडून ते वहाणा करण्यास शिकले. पुढे तुरुंगात केलेला एक जोड त्यांनी १९१४ साली दक्षिण आफ्रिका सोडताना जनरल स्मट्स यांस दिला. स्मट्स यांनीच त्यांना तुरुंगात टाकले होते. १९३९ साली गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त स्मट्स यांनी तो आदरपूर्वक परत पाठविला. त्या जोडात टाके कसे होते, हे कोणी विचारीत नाही. देणाऱ्याने ते काम हलके मानले नव्हते, यातच त्या देणगीचे मोल आहे.

म्हणून आमचे मागणे थोडे आहे. पाकिटे खुशाल शिवा, चित्रे खुशाल रेखा, एकमेकांस द्या. पण पुढच्या रविवारी त्या छत्रीखालच्या माणसास दिवाणखान्यात गुरूच्या आसनावर बसवा, आणि शिकवणीचे मोल त्याच्या तोंडून निघेल तेवढे द्या. तो नाही म्हणाला, तर तो त्याचा अधिकार समजा. आणि त्याचे चित्र काढाल, तेव्हा आपल्या सहीच्या आधी त्याचे नाव लिहा.