जुगाराचा महसूल आणि शेजाऱ्याचा परवाना

१९७६ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या मतदारांनी अटलांटिक सिटी या उतरती कळा लागलेल्या किनारी शहरात कॅसिनो उघडण्यास कौल दिला. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही कॅसिनोंचे नियंत्रण आणि कर यासंबंधीचा कायदा केला. आपला कायदा कधी अमलात आलाच नाही. २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला. मधल्या काळात मात्र एक युक्तिवाद सतत ऐकू येत राहिला : गोव्याला मांडवीतल्या कॅसिनोंपासून पैसा मिळतो, मग महाराष्ट्राने तो का गमवावा?

याचे उत्तर अटलांटिक सिटीच्या पुढील इतिहासात आहे. २००६ मध्ये तेथील कॅसिनोंचे उत्पन्न पाच अब्ज डॉलरच्या वर गेले. त्याच वर्षी शेजारच्या पेनसिल्व्हेनियात कॅसिनो सुरू झाले आणि घसरण लागली. २०१४ या एकाच वर्षात बारांपैकी चार कॅसिनो बंद पडले, हजारो कामगार घरी बसले. पैठणीमागे विणकरांच्या पिढ्यांचे कसब असते, केळीला विशिष्ट जमीन आणि पाणी लागते. जुगाराला यांतले काहीच लागत नाही. शेजाऱ्याने परवाना दिला की आपली मक्तेदारी संपते.

अन्य व्यापारांत स्पर्धेचा लाभ गिऱ्हाइकाला होतो. येथे गिऱ्हाईक हरतेच. फक्त घराच्या अधिक जवळ हरते. म्हणून एखाद्या शहराचा जुगारी महसूल घटला, याचा अर्थ जुगार घटला असा मुळीच होत नाही.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याला हे परके वाटू नये. मटक्याचे मूळ कापसात आहे. न्यूयॉर्कच्या बाजारातील कापसाचे भाव मुंबईत येत आणि त्या आकड्यांवर पैसे लागत. साठच्या दशकाच्या प्रारंभी ते भाव येणे थांबले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. खामगावच्या बाजारात आजही कापूस येतो. पण आकड्याला कापसाची गरज कधीच उरली नाही. १९६९ मध्ये राज्य शासनाने लॉटरी सुरू केली, ती लोकांना मटक्यापासून परावृत्त करण्याच्या हेतूनेही. पुढे परराज्यांच्या लॉटऱ्या आल्या, मग भ्रमणध्वनीवरचे खेळ आले. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेला ऑगस्ट २०२५ मध्ये करावा लागला. नव्या जुगाराने जुना हटला नाही. त्यात भर पडली.

बंदीने जुगार थांबत नाही, हा आक्षेप खरा आहे. मटका बंदीतच वाढला. परंतु एखादे व्यसन थांबवता न येणे वेगळे आणि राजकोषाने त्यावर विसंबणे वेगळे. ज्या तिजोरीला हरणाऱ्यांची गरज भासते, ती उत्पन्न घटले की हरणारे वाढवण्याचे उपाय शोधते. कर कमी करते, परवाने वाढवते, जाहिरातींकडे डोळेझाक करते. अशा वेळी नागरिकाचे रक्षण कोणी करावे?

कॅसिनोचा प्रस्ताव पुन्हा येईल, तेव्हा जमेच्या रकान्याशेजारी ही रक्कम कोणाच्या खिशातून आली हेही मांडण्याचा आग्रह आपण धरला पाहिजे.